वरची दोन बटणं

आमच्या बिग लॉरेल गावात कुणालाही विचारा, या खोऱ्यात सगळ्यात पांढरे कपडे कोण धुतो? लॉनी स्टॅलर्ड, असंच सांगतील. तो माझा धाकटा भाऊ. मी वर्लिन, थोरला. आठवीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत छपराला सळ्या ठोकल्या आणि मी ठोकलेलं छप्पर एकदाही पडलं नाही. तरी मी सांगतो, आमच्या दोघांत मोठं काम लॉनीनं केलं. हे माझ्या तोंडून निघतंय, म्हणजे ते खरंच असणार.

आमच्या गावाची बेसबॉलची टीम आहे, लॉरेल हॉक्स. त्या टीमच्या कपडे बदलायच्या खोलीत लॉनी एकतीस वर्षं होता. खेळाडूंचे कपडे धुवायचे, बूट पुसायचे, दुपारच्या खाण्याला पाव आणि शेंगदाण्याचं लोणी मांडून ठेवायचं. मैदानाची लाल माती कपड्याला एकदा लागली की जन्मभर जात नाही. लॉनी ती काढायचा. कशी, ते त्यानं मलासुद्धा सांगितलं नाही, आणि नोकरी त्याला मीच लावून दिली होती.

त्या खोलीत अठ्ठावीस खुंट्या. खेळाडू दुपारी आला की आपल्या खुंटीवर धुतलेला शर्ट बघायचा आणि जीव भांड्यात पडायचा त्याचा. कारण ज्याला काढून टाकायचं त्याला तोंडानं कुणी सांगत नसे. कोच सकाळी लॉनीच्या कानात नाव सांगायचा आणि लॉनी तो शर्ट लावायचा नाही. खेळाडू आला, रिकामी खुंटी दिसली, की त्यानं पिशवी उचलायची आणि कोचच्या खोलीत जायचं. बाकीच्यांनी बघायचं नाही, बोलायचं नाही. ही रीत खाणीतून आलेली. खाणीच्या न्हाणीघरात माणसाचे कपडे साखळीनं वर टांगलेले असतात. माणूस गेला की साखळी खाली सोडतात आणि त्या दिवशी कुणी बोलत नाही. एकदा रिकामी झालेल्या खुंटीवर त्याच माणसाचा शर्ट परत लागला, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

आता आमची टीम म्हणजे काही स्वतंत्र टीम नव्हे. वर मोठ्या शहरात मोठा संघ, त्याच्या हाताखाली चार पायऱ्या, आणि आम्ही खालून दुसरी पायरी. आम्ही त्यांना नुसतं 'वरचे' म्हणतो. तीन वर्षांपूर्वी वरचे एकशे आठ मॅच हरले. तिथं नवा साहेब आला. त्यानं मोठ्या पगाराचे सगळे खेळाडू देऊन टाकले, बदल्यात कोवळी पोरं घेतली आणि खालच्या पायऱ्यांवर सोडली. टीव्हीवर म्हणाला, चार वर्षं थांबा, नवा संघ खालून उगवून येईल. आमच्या मैदानावर काळी खोकी बसली, कॅमेरे बसले. चेंडू किती जोरात गेला, किती फिरला, सगळं त्याच क्षणी वर कळायचं. नव्वद चेंडू टाकून झाले की पिचरला बाहेर काढायचं, असा हुकूम.

आणि पोरं यायला लागली. गेल्या एका उन्हाळ्यात त्या अठ्ठावीस खुंट्यांवरून त्रेचाळीस नवीन नावं गेली. महिन्यातून एकदा राखाडी गाडीतून क्लेबर्न नावाचा वरचा माणूस यायचा. ट्रुलाच्या खानावळीत पिवळं काढलेलं अंडं मागवायचा, मैदानात पाठीमागच्या रांगेत बसायचा आणि वहीत लिहायचा. तो गेला की दुसऱ्या सकाळी दोन-तीन खुंट्या रिकाम्या. लॉनी वाळला त्या उन्हाळ्यात. ट्रुला म्हणाली, "वर्लिन, तुझ्या भावाला काहीतरी खायला घाल, सावली पण बारीक पडायला लागलीय त्याची."

त्याच वर्षी मे महिन्यात एलादिओ पेगेरो आला. वीस वर्षांचा, ताडासारखा, समुद्रापलीकडच्या बानी गावचा. खेळाडूंना गावातली घरं ठेवून घेतात. आमची पोरगी लग्न होऊन गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती, म्हणून तो आमच्याकडे. मला 'सेन्योर' म्हणायचा, माझ्या बायकोला, आर्लेटाला, 'ममी', आणि लॉनीला 'टियो', म्हणजे त्यांच्यात काका. चेंडू टाकायचा तर ताशी अठ्ठ्याण्णव मैल. मी तरुणपणी कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारा होतो, या खोऱ्यात माझ्यासारखा पंजा कुणाचा नव्हता. मी सांगतो, तसा आवाज मी दुसऱ्या कुणाच्या चेंडूचा ऐकला नाही.

मी ट्रुलाकडे बसून सांगायचो, वरचा संघ उभा राहणार तो माझ्या घरच्या ताकावर आणि मक्याच्या पावावर. गॅरेजवाला ऑर्बी म्हणायचा, "तेच ताक तू पासष्ट वर्षं पितोयस, तू कुठे वर गेलास?" मी म्हणायचो, माझ्या वेळी राखाडी गाडी नव्हती. हसायचे सगळे. पण क्लेबर्नच्या वहीत त्याचं नाव वेगळ्या पानावर आहे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. वरच्या शहरात तर त्याच्या नावाचे शर्ट विकायला लागले होते, आणि पोरगा अजून आमच्या खालच्या पायरीवर.

जुलैच्या शेवटच्या रविवारी लॉनी आमच्या ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होता. एलादिओ आर्लेटाबरोबर चर्चला गेला होता. लॉनी फारसा बोलतच नाही. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलेलं आहे.

मग खाली बघतच म्हणाला, "त्या पोराच्या शर्टाची वरची दोन बटणं लावलेलीच येतात."

मी म्हटलं, "मग?"

"आधी सगळी काढून टोपलीत टाकायचा. माझा नियमच आहे तो. आता खालची काढतो आणि डोक्यावरून ओढतो. तीन आठवडे झाले. उजवं कोपर पुरतं वाकत नाही त्याचं, गळ्यापर्यंत हात जात नाही."

"वरच्यांच्या मशिनीला दिसलं नाही आणि तुला दिसलं?"

"मशीन कपडे धूत नाही," लॉनी म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. एलादिओनं टोपलीपाशी त्याला एकट्याला गाठलं होतं. लॉनीचं मनगट धरून म्हणाला होता, टियो, कुणाला सांगू नका, मला घरी पाठवतील. लॉनीनं नुसती मान हलवली होती. आणि तेव्हापासून, कोच टोपलीपाशी यायच्या आधी, ती दोन बटणं लॉनी स्वतःच काढून ठेवत होता, आणि धुतलेला शर्ट खुंटीवर टांगताना परत लावून ठेवत होता.

हे ऐकल्यावर मी काय म्हणालो, ते मी लपवणार नाही. मी म्हणालो, मग गप्प बस. त्या खोलीतली गोष्ट तू एकतीस वर्षांत बाहेर नेली नाहीस, म्हणून तिथं पोरं तुला बापासारखं मानतात. आज एकाची नेलीस की उद्या तुझ्यासमोर कुणी बूटसुद्धा काढणार नाही. अकरा दिवसांनी गुरुवारी क्लेबर्न येतोय. पोरगा त्याच्यासमोर एकदा चेंडू टाकेल, वर जाईल, आणि वरचे त्यांचे मोठे डॉक्टर लावतील.

लॉनी म्हणाला, "वरचे डॉक्टर नाही लावत, वर्लिन. दुसरं पोर लावतात."

मी म्हटलं, तुला काय माहीत. तर म्हणाला, "खुंट्या मी रिकाम्या करतो. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

त्यावर मी नुसता मोठ्यानं बोललो. थोरल्याला ती सोय असते. तो शेंगांचं भांडं ठेवून निघून गेला.

त्या रविवारनंतर मला दिसायला लागलं. पोरगा मक्याचा पाव डाव्या हातानं मोडायचा. कॉफीचा कप दोन हातांनी धरायचा, थंडी वाजत असल्यासारखा, आणि बाहेर ऑगस्टचं ऊन. दात घासताना मान खाली न्यायचा, हात वर नाही. पण मैदानात उभा राहिला की अठ्ठ्याण्णव. काळं खोकं अठ्ठ्याण्णव सांगायचं, लोक टाळ्या वाजवायचे, नव्वदाव्या चेंडूनंतर तो हसत बाहेर यायचा आणि सगळ्यांना डाव्या हातानं टाळी द्यायचा. पोरांना वाटायचं, हीच त्याची तऱ्हा. मग ती पण डाव्या हातानं टाळ्या द्यायला लागली.

क्लेबर्न यायच्या आठवड्यात सोमवारी आर्लेटानं त्याच्या खोलीतली उशी माझ्यासमोर आणून ठेवली. उशीच्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. कापड फाटून आतला कापूस दिसत होता.

ती म्हणाली, "खाणीत छप्पर बारीक माती गाळायला लागलं की तुम्ही काय करायचात?"

मी म्हटलं, सगळे बाहेर.

"मग?"

छप्पर कधी एकदम पडत नाही, हे मला या खोऱ्यात कुणीही शिकवायची गरज नाही. आधी ते बोलतं. लाकूड बारीक करकरतं, माती गळते, उंदीर पळतात. जे मरतात ते ऐकू न आल्यानं मरत नाहीत. अजून दोन गाड्या भरून होतील, म्हणून मरतात. आणि मी बुधवारी सकाळी त्या पोराला पिकअपमध्ये सोडताना काय सांगितलं? उद्यापर्यंत दम धर. एवढंच सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या भाषेत हो म्हणाला, "सी, सेन्योर."

गुरुवारी मॅच दुपारची होती. मी एलादिओला घेऊन गेलो आणि आर्लेटानं दिलेलं टोमॅटो सँडविचचं टोपलं घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. राखाडी गाडी फाटकाशी लागलेली मी बघितली होती. पोरगा माझ्या पुढं होता. त्यानं आत पाऊल टाकलं आणि थांबला.

सत्तावीस शर्ट. त्याची खुंटी रिकामी.

तीसेक माणसं त्या खोलीत होती आणि बुटाचा आवाजसुद्धा नव्हता. कुणी वर बघत नव्हतं. रीतच तशी. एलादिओ त्या खुंटीकडे बघत राहिला आणि तसा चेहरा मी आजवर एकदाच बघितला होता, एक्याऐंशी साली, आमच्या पाळीतली तीन माणसं आत राहिली तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्या भावाचा. मग त्यानं वाकून पिशवी उचलली. डाव्या हातानं.

तेवढ्यात कोच रॅसनिक आतून आला. हा बॉयड रॅसनिक म्हणजे वाईट माणूस नाही, पण त्या दिवशी त्याच्या मानेवर क्लेबर्न बसला होता. त्यानं खुंटी बघितली आणि त्याचा रंग उडाला. ओरडला नाही तो. हळू विचारलं, "लॉनी, मी तुला हे नाव दिलं नव्हतं."

"नाही दिलं," लॉनी म्हणाला.

"मग शर्ट कुठाय?"

लॉनीनं कपडे वाळवायच्या मशीनवरून घडी केलेला शर्ट उचलला. सगळी बटणं उघडी. तो एलादिओपाशी गेला आणि शर्ट त्याच्या खांद्यांवर चढवला, लहान पोराला घालतात तसा, आधी डावा हात, मग उजवा. मग दोन पावलं मागं सरला.

"वरची दोन बटणं लाव, बाळा," तो म्हणाला. "कोचच्या समोर."

मला वाटतं, एलादिओला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं लॉनीकडे असं बघितलं की मी टोपलं खाली ठेवलं. त्यानं हात वर न्यायला सुरुवात केली. डावा गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. त्यानं मान खाली आणली, बटण हाताकडे न्यावं म्हणून. ओठ पांढरे झाले. एका हातानं बटण छिद्रापाशी नेलं, निसटलं. परत नेलं, परत निसटलं. कपाळावरचा घाम शर्टावर पडत होता. खोलीतले सगळे आता बघत होते. रीत मोडून बघत होते.

रॅसनिक म्हणाला, "पुरे."

पोरगा थांबेना. तिसऱ्यांदा नेलं. रॅसनिकनं जाऊन त्याचा हात धरला आणि खाली केला, आणि त्या नुसत्या खाली करण्यानं एलादिओच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी लिहीत नाही.

त्या दिवशी दुसऱ्या कुणी चेंडू टाकले. संध्याकाळच्या आत राखाडी गाडी एलादिओला घेऊन दवाखान्याकडे गेली. आर्लेटानं त्याची पिशवी भरली, त्यात उशीही घातली. निघताना तो माझ्याशी हात मिळवून गेला, तिच्या गळ्यात पडला. लॉनीकडे त्यानं बघितलं नाही. डॉक्टर पुढं रॅसनिकला म्हणाले, कोपरातली शीर चार भागांतले तीन भाग तुटलेली होती, उरलेल्या एकावर तो अठ्ठ्याण्णव टाकत होता. आणखी दहा चेंडू, फार तर वीस. मग हाताची सगळी दोरीच गेली असती आणि पुढं त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलता आली नसती.

मला वाटलं, आता पोरं लॉनीला डोक्यावर घेतील. मी तर ट्रुलाकडे जाऊन तसं सांगूनही आलो.

शुक्रवारी सकाळी लॉनी खोलीत गेला. दाराशेजारी एक बारका खिळा आहे, त्यावर त्याचा एप्रन असायचा, एकतीस वर्षं. खिळा रिकामा होता. चार-पाच पोरं लवकर आली होती, बुटाच्या नाड्या बांधत होती. कुणी वर बघितलं नाही. कुणी बोललं नाही. कोणी काढला ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि रॅसनिक शपथेवर सांगतो की तो मी नव्हे. लॉनीनं किल्ल्या मशीनवर ठेवल्या आणि दीड मैल चालत घरी आला.

मी पिकअपची किल्ली घेऊन उठलोच होतो. एकेकाचे दात मोजून देतो म्हटलं. लॉनीनं मला दारात अडवलं.

"त्यांचं बरोबर आहे, वर्लिन," म्हणाला. "रिकामी खुंटी मी खोटी केली. आता सकाळी खुंटी बघून ती खरी की खोटी, हे त्यांना कसं कळायचं? त्यांच्याकडं तेवढंच एक खरं होतं."

मी पुष्कळ माणसं बघितली. स्वतःवर उलटलेल्या माणसांची बाजू अशी शांतपणे घेणारा हा एकच. आणि तो माझा भाऊ.

नाताळात बानीहून एलादिओचा फोन आला. हात शिवला होता. वरच्यांनी त्याला नोव्हेंबरातच कमी केला, फोनवर, दोन मिनिटांत. म्हणजे त्याची भीतीही खरी होती आणि लॉनीचं म्हणणंही. पुढच्या उन्हाळ्यात कुठंतरी परत टाकेन म्हणाला. टाकेल की नाही, मला सांगता येत नाही. मग त्यानं टियोला फोनवर बोलवा म्हटलं. लॉनीनं फोन कानाला लावला. फोन ठेवल्यावर मी विचारलं काय म्हणाला. तर म्हणाला, "आज चर्चला शर्ट घालून गेला. वरपर्यंत बटणं लावून."

यंदा एप्रिलात नवीन पोरं आली. कपडे आता धुवायला बाहेर जातात. एक ट्रक येतो, पोत्यात कोंबून नेतो आणि पोत्यातून आणतो. खुंट्यांची रीत बंद झाली, आता फोनवर निरोप येतो. टोपलीपाशी कुणी उभं नसतं. वरचा साहेब टीव्हीवर म्हणाला, चौथं वर्ष लागलंय, पीक आलंय.

लॉनी मैदानावर जात नाही. मी जातो आणि संध्याकाळी ओट्यावर सांगतो. तो कधी विचारत नाही कोण जिंकलं.

काल राखाडी गाडी आली होती. नवीन पिचर टेक्सासचा, एकोणीस वर्षांचा, ताशी नव्याण्णव मैल. नव्वद चेंडू झाले, लोक उभे राहिले. मी घरी आलो तेव्हा लॉनी शेंगा निवडत होता. मी वेग सांगितला.

"टोपी कुठल्या हातानं काढली?" त्यानं विचारलं.

मी आठवून बघितलं. आणि आठवलं तेव्हा माझ्या पाठीवरून ते जुनं गार पाणी गेलं, छपरातून माती गळली की जायचं तसं.

"डाव्या," मी म्हटलं.

या वेळी मी त्याला गप्प बस म्हणालो नाही. किल्ली माझ्याच खिशात होती. आम्ही पिकअप काढली आणि पुलावरून मैदानाकडे निघालो. पुलाच्या वळणावर राखाडी गाडी समोरून आली, हळू, दिवे लावलेले. मागच्या सीटवर कुणीतरी उंच बसलं होतं. डोकं गाडीच्या टपाला लागत होतं आणि ते पोरगं हसत होतं.

लॉनी मान वळवून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"वर नेला," तो म्हणाला.